संकेतस्थळाची रंगीत तालीम

गावच्या हौशी नाटकमंडळीला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. प्रयोगाच्या आधी रंगीत तालीम घ्यावयाची. दाढीमिशा चिकटवून, दिवे लावून, पडदा ओढून, अगदी प्रयोगासारखी. तलवार म्यानातून निघत नाही, पडद्याची दोरी कप्पीत अडकते, राजाचा मुकुट पहिल्याच संवादाला नाकावर उतरतो, हे सारे त्या रात्री कळते. आणि ते प्रेक्षकांच्या देखत कळू नये म्हणूनच तर ती तालीम.

आता संकेतस्थळांचे पाहा. आज गावोगावच्या शाळा, वाचनालये, पतपेढ्या, बागायतदारांच्या सोसायट्या, देवळे, चर्च, सगळ्यांनाच इंटरनेटवर आपले एखादे ठिकाण असावेसे वाटते. ते काम बहुधा एखाद्या शिक्षकाच्या गळ्यात पडते. तो संगणकाचा तास घेतो, एवढाच त्याचा अपराध! आणि या शिक्षकाजवळ तालमीला जागा नसते. तो जो काही फेरफार करील तो भर प्रयोगात, प्रेक्षक समोर बसलेले असताना. ही अडचण दूर करणारी एक युक्ती गेल्या काही वर्षांत निघाली आहे. संकेतस्थळ चालविणारा सगळा कारखानाच ब्राउझरच्या आत, म्हणजे ज्या प्रोग्रॅममधून आपण इंटरनेटवरील पाने पाहतो त्याच्या पोटात, चालवावयाचा. ते कसे घडते, त्याचा उपयोग कोणता आणि त्यावर भरवसा कुठपर्यंत ठेवावा, हे आज पाहू.

उदाहरण डोळ्यांपुढे असले की विषय सोपा होतो, म्हणून गिरीज घेऊ. वसईच्या पश्चिम पट्ट्यातले हे गाव. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली, १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला, आणि इमारतींची लाट स्टेशनाकडून हळूहळू या बाजूला सरकत आली. तरी केळी, भाजीपाला, फुलझाडे यांच्या वाड्या या पट्ट्यात अजून आहेत. वाड्यांना पाणी पुरविणारी जुनी तळी, ज्यांना वसईत बावखल म्हणतात, त्यांतली काही उरली, काही बुजली. भाषेचेही तसेच आहे. सामवेदी ख्रिस्ती मंडळींची कादोडी, वाडवळी, आगरी, कोळ्यांची बोली, अशा कितीतरी बोली या एका तालुक्यात नांदतात, आणि त्यांतले शेतीचे शब्द शेतीबरोबर कमी होत चालले आहेत. रहाट गेला, आता रहाटाच्या अवयवांची नावे कोण घेणार?

समजा, अशा गावातल्या एका शाळेच्या बाईंनी मुलांना कामाला लावले. मुलांनी आजीआजोबांना विचारून एकेक शब्द वहीत उतरवून आणला, बाईंनी तो शाळेच्या संकेतस्थळावर चढविला. असे करता करता आठशे शब्द झाले. ज्यांच्या तोंडून ते ऐकले त्यांपैकी कुणी नव्वदीला टेकलेले, कुणी आता नाहीत. म्हणजे पुन्हा विचारायला जावे म्हटले तर घर आहे, ओसरी आहे, सांगणारे माणूस नाही.

आणि एके सकाळी संकेतस्थळाच्या कारभाराच्या पानावर सूचना झळकते: नवी आवृत्ती आली आहे, अद्ययावत करा. बाईंनी ते बटण दाबावे की न दाबावे?

न दाबावे, तर जुन्या आवृत्तीतली खिंडारे एव्हाना जगजाहीर झालेली असतात, आणि चोरटे ती हुडकतच फिरत असतात. शाळेच्या नावाच्या पानावर भलत्याच जाहिराती दिसू लागल्या, असे आपण कधी ऐकतो, त्यामागे बहुधा न बुजविलेले असे एखादे खिंडार असते. दाबावे, तर नव्या आवृत्तीशी जुन्या जोडण्यांचे जमले नाही म्हणजे पान पांढरेफटक होते, किंवा ‘गंभीर त्रुटी’ असा एक वाक्याचा निरोप तेवढा उरतो. इथे एक खुलासा करतो. अशा वेळी आठशे शब्द नाहीसे झालेले नसतात. ते बहुधा आपल्या जागी शाबूत असतात. ते दाखविणारी यंत्रणा तेवढी कोसळलेली असते. खरे नुकसान होते ते पुढच्या तासाभरात, घाबरलेल्या माणसाने ‘दुरुस्ती’ म्हणून हे पूस, ते काढ, असे सुरू केले की.

हा पेच समजण्यासाठी संकेतस्थळ कसे उभे असते ते थोडक्यात पाहिले पाहिजे. जगातील शंभर संकेतस्थळांपैकी चाळिसांहून अधिक ज्या एका प्रणालीवर चालतात तिचे नाव वर्डप्रेस. अमेरिकेतील मॅट मलनवेग हा कॉलेजातला विद्यार्थी आणि इंग्लंडातील माइक लिटल, या दोघांनी २७ मे २००३ रोजी तिची पहिली आवृत्ती काढली. त्याआधी बी-टू नावाचा एक प्रोग्रॅम होता. त्याच्या कर्त्याने काम थांबविले, प्रोग्रॅम मात्र सर्वांना मोकळा होता, म्हणून या दोघांनी तो पुढे चालविला. आजही वर्डप्रेस कुणालाही फुकट घेता येतो, उघडून पाहता येतो, बदलता येतो. मराठीतही तो आहे; त्यातली ‘प्रकाशित करा’, ‘मसुदा जतन करा’ यांसारखी वाक्ये ठिकठिकाणच्या मराठी माणसांनी हौसेने, बिनपैशाने भाषांतरित केलेली आहेत.

वर्डप्रेसला राहायला तीन गोष्टी लागतात. पहिली, पीएचपी ही संगणकभाषा समजणारे इंजिन. ही भाषा रॅसमस लेरडॉर्फ यांनी १९९५ साली लोकांपुढे ठेवली. दुसरी, मजकूर साठविण्याची कोठी, जिला डेटाबेस म्हणतात. वर्डप्रेसची नेहमीची कोठी मायएसक्यूएल ही होय. तिसरी, कुणी पान मागितले की मागणी घेऊन उत्तर पाठविणारा दारावरचा कारकून, म्हणजे वेब सर्व्हर. हे तिन्ही दूर कुठेतरी भाड्याच्या यंत्रावर असतात. बाईंनी लिहिलेले शब्द कोठीत, मुलांनी काढलेली बावखलांची छायाचित्रे वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि पानाचा पेहराव, ज्याला थीम म्हणतात, तो तिसरीकडे. नक्कल घ्या म्हटले की पुष्कळ जण यांतले एकच गाठोडे उचलतात आणि सारे घर हलविले असे समजतात.

मग तालमीसाठी आजवर काय करीत? दुसरी जागा भाड्याने घेऊन तिथे जुळे संकेतस्थळ उभे करीत, किंवा आपल्याच संगणकावर ही तिन्ही यंत्रे बसवीत. दोन्ही मार्ग चांगले आहेत आणि जाणकार अजूनही वापरतात. पण शाळेच्या संगणकावर नवा प्रोग्रॅम बसवायचा म्हणजे परवाने, पासवर्ड, जागा अपुरी, असे हजार अडथळे. बाईंचा उत्साह तिथेच संपतो, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

२०२२ साली पोलंडमधील आडम झिएलिन्स्की या प्रोग्रॅमरने हा कोंडमारा फोडला. त्याच्या कामाचे नाव वर्डप्रेस प्लेग्राउंड, म्हणजे खेळाचे मैदान. प्लेग्राउंड डॉट वर्डप्रेस डॉट नेट हा पत्ता ब्राउझरमध्ये लिहिला की थोड्याच वेळात एक नवेकोरे, चालते संकेतस्थळ समोर उभे राहते. नाव नोंदवायला नको, पैसे नकोत, काही बसवायला नको. आणि गंमत अशी की ते कुठल्याही दूरच्या यंत्रावर चालत नसते. ते तुमच्याच संगणकात, तुमच्याच ब्राउझरच्या त्या एका चौकटीत चालू असते.

हे झाले कसे? ब्राउझरला मुळात पीएचपी समजत नाही. पानाचा सांगाडा सांगणारी एचटीएमएल, सजावट सांगणारी सीएसएस आणि हालचाल करविणारी जावास्क्रिप्ट, एवढ्या तीन भाषा त्याला कळत. पुढे मोठ्या ब्राउझरांच्या कर्त्यांनी, एरवी हे एकमेकांचे स्पर्धक, एकत्र बसून वेबअसेंब्ली नावाची चौथी भाषा ठरविली. २०१७ साली ती चारही प्रमुख ब्राउझरांत आली आणि ५ डिसेंबर २०१९ रोजी तिला अधिकृत मानकाचा दर्जा मिळाला. ही माणसाने हाताने लिहावी अशी भाषा नव्हे. दुसऱ्या भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम दळून तिच्यात उतरवायचा, असा तिचा उपयोग. पीएचपीचे इंजिन हे स्वतः सी या जुन्या भाषेत लिहिलेले आहे. एमस्क्रिप्टन नावाच्या जात्यातून ते दळून वेबअसेंब्लीत आणले की ब्राउझर ते चालवू शकतो. पहिली गरज भागली.

दुसरी गरज कोठीची. मायएसक्यूएल हे सदैव जागे राहणारे, स्वतंत्र, अवजड यंत्र. ते ब्राउझरमध्ये कोंबणे शहाणपणाचे नव्हते. त्याऐवजी एसक्यूलाइट घेतले. रिचर्ड हिप यांनी २००० साली केलेली ही छोटी कोठी सारा डेटाबेस एका फाइलीत मावविते. तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्येही ती आहेच. अडचण एकच. वर्डप्रेस बोलतो मायएसक्यूएलच्या धाटणीत आणि एसक्यूलाइटची धाटणी थोडी निराळी. म्हणून मध्ये एक दुभाषा बसविला आहे. वर्डप्रेसचा प्रत्येक प्रश्न तो एसक्यूलाइटच्या बोलीत सांगतो आणि उत्तर परत आणून देतो. या दुभाष्याची आठवण ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

तिसरा तो दारावरचा कारकून. ब्राउझरमध्ये सर्व्हिस वर्कर नावाची एक सोय असते. तिला गावच्या वेशीवरचा जागल्या म्हणा. पानावरून एखादी मागणी बाहेर निघाली की जागल्या तिला वेशीवर अडवतो आणि विचारतो, कुठे चाललीस? बाईंनी ‘प्रकाशित करा’ दाबले, मागणी निघाली, जागल्याने ती अडवून आतल्या पीएचपीच्या इंजिनाकडे वळविली. इंजिनाने स्मरणात ठेवलेल्या वर्डप्रेसच्या फाइली वाचल्या, दुभाष्यामार्फत कोठीत शब्द ठेवला, पान रचले, जागल्याच्या हाती दिले, जागल्याने ते पडद्यावर आणले. पानाला वाटते आपली मागणी दूरदेशी जाऊन आली. प्रत्यक्षात ती वेशीबाहेर पडलेलीच नसते.

आणखी एक सोय यातून आपोआप मिळते. ब्राउझर आपल्या पोटातल्या प्रोग्रॅमला कुंपणात ठेवतो. तुमच्या संगणकावरच्या इतर फाइलींना तो तुमच्या परवानगीवाचून हात लावू शकत नाही. तेव्हा आत काहीही मोडले, तोडले, उलटेपालटे केले तरी बाहेर ओरखडा उठत नाही. मैदान हे नाव त्याला शोभते. पडले तर गुडघे फुटत नाहीत, एवढा मात्र फरक.

आता बाईंच्या प्रश्नाकडे वळू. त्यांनी आधी आपल्या खऱ्या संकेतस्थळाच्या ‘साधने’ या भागात जाऊन मजकुराची निर्यात फाइल उतरवून घ्यावी. या फाइलीत आठशे शब्द येतील. छायाचित्रे मात्र येणार नाहीत. त्यांचे पत्ते तेवढे येतील. मग मैदान उघडावे. तिथे वर्डप्रेसची कोणती आवृत्ती हवी आणि पीएचपीची कोणती हवी, हे निवडता येते. आपल्या शाळेत आज जी आवृत्ती आहे ती निवडावी, भाषा मराठी करावी, आपली थीम आणि आपल्या जोडण्या, ज्यांना प्लगइन म्हणतात, त्या बसवाव्यात, आणि निर्यात फाइल आत घ्यावी. सारे नीट दिसते का पाहावे. नंतर हाच खेळ नव्या आवृत्तीवर पुन्हा मांडावा. इथे पान पांढरे पडले तर पडो! कुणी पाहिले नाही, काही बिघडले नाही, आणि कोणती जोडणी भांडखोर आहे ते मात्र कळले. एकेक जोडणी बंद करीत गेले की गुन्हेगार सापडतो.

पीएचपीची आवृत्ती निवडता येणे ही गोष्ट मला स्वतःला वर्डप्रेसच्या निवडीहूनही मोलाची वाटते. कारण जागा भाड्याने देणाऱ्या कंपन्या मधूनच कळवितात की अमक्या तारखेपासून जुने इंजिन बंद. पीएचपी ७.४ या आवृत्तीची देखभाल नोव्हेंबर २०२२ मध्ये थांबली आणि त्यापुढच्या ८ या आवृत्तीने पूर्वी नुसती कुरकुर करून सोडून दिलेल्या पुष्कळ चुकांना थेट ‘थांबा’ म्हणायला सुरुवात केली. दहा वर्षांपूर्वी कुणीतरी शिवून दिलेली थीम अशा वेळी उसवते. ती उसवेल की नाही हे तारखेच्या आधी घरबसल्या पाहता आले, तर बाईंची निम्मी रात्र झोपेत जाईल.

पण तालीम म्हणजे फक्त मोडते का हे पाहणे नव्हे. मराठीत लिहिणाऱ्यांनी मुद्दाम पाहाव्यात अशा काही जागा आहेत, आणि परदेशी थीम शिवणाऱ्याच्या त्या स्वप्नातही नसतात. मथळ्यातल्या ओळीची उंची कमी असेल तर रफार आणि वेलांट्या वरून कापल्या जातात. दोन अक्षरांत शोभेसाठी अंतर टाकणारी थीम असेल तर इंग्रजी मथळा ऐटदार दिसतो आणि मराठीची शिरोरेषा जागोजाग तुटते. शब्द वाळत घातलेल्या कपड्यांसारखा लोंबू लागतो. ‘शेतकऱ्यांचे’ हा शब्द घ्या. यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. डोळ्याला दोन्ही सारखे, संगणकाला मात्र निराळे. त्यामुळे एका तऱ्हेने लिहून दुसऱ्या तऱ्हेने शोधले तर शोध चुकण्याचा संभव असतो. जुन्या फाँटांत टंकलेला मजकूर असेल तर तो युनिकोडमध्ये आणल्याखेरीज वाचताच येणार नाही. हे सारे खऱ्या पानावर चढविण्याआधी इथे पाहून घ्यावे.

यांतली एक तपासणी जरा सविस्तर सांगतो, कारण ती कुणालाही स्वतः करून पाहता येईल आणि ती शिक्षकांनी वर्गात करून दाखवावी अशी आहे. मैदानात एक लेख लिहा आणि त्याला मथळा द्या: ‘गिरीज गावातील बावखले आणि विहिरी’. प्रकाशित करून त्याचा पत्ता, म्हणजे वरच्या पट्टीतला दुवा, पाहा. त्यातला शेवटचा शब्द ‘विहिरी’ गायब झालेला दिसेल. लेखात आहे, मथळ्यात आहे, पत्त्यात नाही. का? वर्डप्रेस दुव्यासाठी कोठीत २०० जागा राखून ठेवतो. इंग्रजी अक्षराला एक जागा पुरते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह मात्र पत्त्यात सांकेतिक रूपाने लिहिले जाते आणि त्याला ९ जागा लागतात. चिन्ह म्हणजे नुसते अक्षर नव्हे. काना वेगळा, मात्रा वेगळी, वेलांटी वेगळी. ‘गिरीज’ची ५ चिन्हे, ‘गावातील’ची ७, ‘बावखले’ची ६, ‘आणि’ची ३, मिळून २१. त्यांच्या झाल्या १८९ जागा, मधल्या तीन जोडरेषा धरून १९२. पुढची जोडरेषा १९३वी. आता ‘वि’मधल्या नुसत्या ‘व’ला ९ जागा हव्यात आणि उरल्या ७. म्हणून गाडी ‘आणि’वर थांबली.

एवढ्याने काय बिघडले, असे तुम्ही म्हणाल. एका लेखाचे काहीच बिघडत नाही. पण बाईंनी पुढे ‘गिरीज गावातील बावखले आणि तळी’, ‘गिरीज गावातील बावखले आणि वाड्या’ असे लेख लिहिले तर तिघांचे पत्ते ‘आणि’पर्यंत तंतोतंत एकच होतात, मग वर्डप्रेस दुसऱ्याला २ आणि तिसऱ्याला ३ असे शेपूट लावून मोकळा होतो. कोणता दुवा कशाचा, हे पत्ता वाचून कळत नाही. शिवाय हा दुवा मोबाइलवरून कुणाला धाडला की पुष्कळदा टक्क्यांच्या खुणांनी भरलेला एक लांबलचक रेल्वेचा डबा जातो, आणि म्हातारी माणसे तो उघडायला धजत नाहीत. उपाय सोपा आहे. मथळा मनासारखा मोठा ठेवावा आणि दुवा हाताने आखूड करावा: ‘बावखले-विहिरी’. पण हे आठशे पाने चढविण्याच्या आधी कळायला हवे. नंतर दुवे बदलले तर लोकांनी जपून ठेवलेले पत्ते बिघडण्याची भीती असते.

वर्गाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. मैदानाला कृतीची यादी देता येते. तिला ब्लूप्रिंट म्हणतात. अमकी आवृत्ती घे, तमकी थीम लाव, मराठी भाषा ठेव, ही फाइल आत घे, असे पाककृतीसारखे लिहून ठेवायचे. एकदा कृती लिहिली की तिचा दुवा मुलांना द्यावा. तीस मुलांच्या तीस संगणकांवर तेच संकेतस्थळ उभे राहते, आणि प्रत्येकाचे निराळे. एकाने पानाचा रंग जांभळा केला म्हणून दुसऱ्याचे जांभळे होत नाही. तास संपला, चौकट बंद केली, पाटी पुसली. दुसऱ्या तुकडीला पुन्हा कोरी पाटी. यात एकच व्यवहार पाहावा लागतो. सुरुवातीला प्रत्येक संगणक कित्येक मेगाबाइट सामान उतरवून घेतो, आणि तिसांनी एकदम घेतले तर शाळेचे नेट धापा टाकू लागते. पाच-पाचांनी सुरुवात करावी. सामान एकदा आत आले की पुढचे काम संगणकातच होत असल्यामुळे नेट मंद असले तरी फारसे अडत नाही.

आता या मैदानाच्या मर्यादा. मी ज्या जाणकारांचे लेख वाचले ते सारे पहिल्या चमत्कारावर इतके खूश असतात की मर्यादा शेवटच्या ओळीत येतात. आपण तसे करू नये.

पहिली मर्यादा पाटीची. मुद्दाम जपून ठेवले नाही तर मैदानातले काम चौकट बंद होताच जाते. ते ब्राउझरमध्ये जतन करण्याची सोय आहे. पण कुणी ब्राउझरची जुनी साठवण साफ केली की तीही पुसली जाते, आणि शाळेच्या संगणकावर अशी साफसफाई करणारा एक तरी उत्साही मुलगा असतोच. खात्रीचा मार्ग म्हणजे सारे संकेतस्थळ झिप फाइल म्हणून उतरवून घेणे. दुसऱ्या दिवशी ती फाइल परत आत घालून काम पुढे चालविता येते. आजीने सांगितलेला नवा शब्द ऐकून तो पहिल्यांदा मैदानातच लिहिणारे लोक मला माहीत आहेत. तसे कधीही करू नका. पहिली नोंद वहीत, शाईने.

दुसरी मर्यादा, हे संकेतस्थळ तुमच्याखेरीज कुणाला दिसत नाही. नंदाखालच्या मित्राला दुवा पाठविला तर त्याच्याकडे नवेकोरे मैदान उघडेल, तुमचे नव्हे. लोकांनी पाहावे असे वाटत असेल तर भाड्याची जागा लागतेच. आतून टपालही जात नाही. पालकांना ईमेल धाडणारा फॉर्म इथे तपासता येणार नाही. शुल्क घेणारी यंत्रणाही नाही. बाहेरून छायाचित्रे ओढून आणताना ब्राउझरचे कुंपण पुष्कळदा आडवे येते, म्हणून निर्यात फाइलीतल्या छायाचित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसल्या तर घाबरू नये.

तिसरी मर्यादा त्या दुभाष्याची. खऱ्या ठिकाणी मायएसक्यूएल आहे, इथे एसक्यूलाइट. दुभाषा हुशार आहे, वर्षागणिक सुधारतो आहे, पण दुभाषा तो दुभाषाच. डेटाबेसशी आडवळणाने बोलणारी एखादी जोडणी इथे अडखळेल आणि तिकडे सुरळीत चालेल. क्वचित उलटेही होईल. शब्दांचा क्रम लावणे, शोधणे, दोन शब्द सारखे की निराळे हे ठरविणे ही कामे डेटाबेसच करतो. तेव्हा आपल्या आठशे शब्दांचा अकारविल्हे क्रम इथे बरोबर लागला म्हणून तिथे लागेलच असे धरून चालू नये. तो तिथे पुन्हा पाहावा. थीम, मथळे, फाँट, दुवे, आवृत्त्यांचे भांडण, यांच्यासाठी मैदान उत्तम. वेग किती, एकाच वेळी दोनशे पालकांनी निकाल पाहिला तर काय होईल, या प्रश्नांना इथे उत्तर नाही.

मुलांची खरी नावे, पत्ते, आधार क्रमांक, गुण, असे काही तालमीत वापरू नये, हे शिक्षकांना सांगावयास नको, तरी सांगतो. मैदानातला मजकूर तुमच्या संगणकातच राहतो हे खरे. पण तो संगणक शाळेचा, म्हणजे सर्वांचा. आणि अनोळखी ठिकाणाहून आणलेली जोडणी आत काय वाचते आणि कुठे कळविते याचा भरवसा कुणी द्यावा? नाटकात खरे दागिने घालीत नाहीत, खोटे घालतात, तसे इथे. ‘विद्यार्थी १’, ‘विद्यार्थी २’ पुरेत.

राहता राहिली ती बाईंची सकाळ. नवी आवृत्ती मैदानात चालली, भांडखोर जोडणी सापडली, तिच्या जागी दुसरी ठरली. आता खऱ्या संकेतस्थळाच्या तिन्ही गाठोड्यांची, म्हणजे डेटाबेस, छायाचित्रे आणि थीम-जोडण्या यांची नक्कल घ्यावी, ती शाळेच्या संगणकावर आणि एका वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवावी, फाइलीच्या नावात तारीख घालावी. मुले घरी गेल्यावर, शनिवारी दुपारी, ते बटण दाबावे. मग शब्दसंग्रहातले कुठलेही दहा शब्द उघडून पाहावेत. पहिले दहा नव्हेत, मधले. रहाटाचे पान, बावखलांचे पान आणि छायाचित्र असलेले एखादे पान उघडावे, आणि मोबाइलवरूनही एकदा पाहावे, कारण गावातले बहुतेक लोक ते मोबाइलवरच उघडणार आहेत.